पाठ उघडी, आवाज मोकळा

एक आठ इंची स्पीकर घ्या. जुन्या टेपमधला, भंगारातून आणलेला, कुठलाही चालेल. फक्त खोक्यातून बाहेर काढलेला हवा. त्याला अॅम्प्लिफायरच्या दोन वायरी जोडा आणि पखवाज चांगला वाजलेलं एखादं भजन लावा. गाणाऱ्याचा गळा ऐकू येईल, टाळ येतील, हार्मोनियम येईल. पखवाज मात्र गायब. थाप पडल्याची टिचकी तेवढी येईल, तिच्या पोटातला घुमारा येणार नाही. स्पीकरचा कागदी कोन तर डोळ्यांना दिसेल इतका मागेपुढे हलतोय. म्हणजे खर्ज तयार होतोय, पण कानापर्यंत पोचत नाही.

आता कूलरच्या किंवा टीव्हीच्या खोक्याचा एक मोठा पुठ्ठा सपाट करा, त्याच्या मधोमध सात इंची गोल भोक पाडा आणि वाजता स्पीकर मागून त्या भोकाला टेकवा. पखवाज हजर! पुठ्ठा बाजूला केला की तो पुन्हा जातो, टेकवला की येतो. आवाजाचं बटण आपण फिरवलेलं नाही, स्पीकर बदललेला नाही. मध्ये आला तो फक्त एक पुठ्ठा, आणि त्यात ना वीज, ना चुंबक.

हा प्रयोग मी ज्यांना ज्यांना दाखवला, त्यातल्या प्रत्येकाने पुठ्ठा स्वतःच्या हाताने पुन्हा लावून-काढून पाहिला. विश्वासच बसत नाही. घरी उघड्या पाठीचे स्पीकर, म्हणजे ज्याला ध्वनीचे शौकीन ‘ओपन बॅफल’ म्हणतात ते, बनवण्याचं सगळं शास्त्र या एका पुठ्ठ्यात आहे.

कोन पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते. त्याच क्षणी पाठीमागची हवा विरळ होते, कारण मागची जागा रिकामी झालेली असते. म्हणजे स्पीकर एकाच वेळी दोन आवाज करतो आणि ते एकमेकांच्या बरोबर उलटे असतात. समोर भरती, मागे ओहोटी. आता बारीक, उंच आवाजाच्या लाटा छोट्या असतात. सेकंदाला ३,००० कंपनांची लाट जेमतेम ११ सेंटिमीटर लांब. ती आपली सरळ पुढे निघून जाते, वळून मागे बघत नाही. पण सेकंदाला १०० कंपनांची, पखवाजाच्या धुमाळीतली लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते. आठ इंची स्पीकर तिच्यापुढे केवढासा? मागची विरळ हवा कडेवरून वळून पुढे येते, पुढची दाबलेली हवा मागे जाते, आणि दोघी एकमेकींना जागच्या जागी पुसून टाकतात. पुठ्ठा मध्ये आला की हा वळसा लांब होतो. मागचा आवाज पुढे पोचेपर्यंत पुढचा निसटलेला असतो. पखवाज वाचतो.

या पुठ्ठ्याच्या जागी लाकडी फळी घातली की तीच बॅफल. काम एकच, वळसा लांबवायचा.

हे गणित मराठवाड्यातल्या माणसाला नवं वाटू नये, कारण पोळ्याला, लग्नाच्या वरातीला, तमाशाच्या फडात ते आपण ऐकत आलोय. हलगी आठवा. लाकडी किंवा लोखंडी कडं, त्याच्या एकाच बाजूला ताणलेलं कातडं, दुसरी बाजू मोकळी. जाळावर शेकून कातडं तापवायचं आणि दोन काड्यांनी वाजवायचं. हलगीचा आवाज कसा असतो? कडकडीत, झणझणीत, गावाच्या या टोकाहून त्या टोकाला जाणारा. पण खर्ज? जवळजवळ नाहीच. कातडं हलकं आणि ताणलेलं असतं हे एक कारण. दुसरं कारण तिची उघडी पाठ. कातड्याचा सगळ्यात खालचा सूर पुढून जितका निघतो, तितकाच उलटा होऊन मागून निघतो आणि कड्यावरून वळून पुढच्याला पुसतो. राहतो तो वरचा कडकडाट. शाहिराचा डफही याच जातीचा.

आणि तबल्याचा डग्गा? त्याची पाठ बंद. धातूच्या भांड्याने मागचा उलटा आवाज आत कोंडला, म्हणून पुढचा खर्ज सुखरूप बाहेर आला. देवळापुढचा नगाराही तसाच, तळ बंद. म्हणजे पडद्याच्या पाठीमागच्या आवाजाचं काय करायचं, या प्रश्नाची दोन्ही उत्तरं आपल्या वाद्यकारांनी शेकडो वर्षांपूर्वी काढून ठेवली होती. एक म्हणतं कोंडून टाका, दुसरं म्हणतं जाऊ द्या. स्पीकरच्या शंभर वर्षांच्या इतिहासात या दोनच घराण्यांची आलटून-पालटून चलती राहिली आहे.

तो इतिहास थोडक्यात सांगतो. १९२५ साली अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. भोंगा नसलेला, कागदी कोनाचा, कॉइल आणि चुंबकावर हलणारा स्पीकर त्यांनी त्यात मांडला. आज मोबाइलपासून डीजेच्या गाडीपर्यंत जे वाजतं ते बहुतेक सगळं त्याच वंशातलं आहे. हा स्पीकर नुसता वाजवला तर खालचा आवाज जातो, हे लक्षात आल्यामुळे फळीचा विचार त्याच्या जन्मापासूनच सोबत आहे. पुढे घरोघरी जे लाकडी रेडिओ आले ते खऱ्या अर्थाने उघड्या पाठीचे स्पीकरच होते. पुढे लाकूड, जाळीचं कापड. मागे भोकाभोकांचा पातळ पुठ्ठा. आत वॉल्व्ह तापायचे, त्यांना हवा लागायची, म्हणून पाठ बंद करता येत नव्हती. ज्यांच्या घरात तसा रेडिओ होता आणि ज्यांनी त्यावर परभणी आकाशवाणी ऐकली, त्यांना त्या आवाजातला मोकळेपणा आजही आठवतो. त्यात निम्मा वाटा आठवणीचा असेल, पण निम्मा त्या उघड्या पाठीचा आहे.

मग १९५४ मध्ये एडगर विल्चर यांनी हवाबंद छोट्या खोक्यात स्पीकर बसवला आणि आतल्या हवेचीच स्प्रिंग केली. कपाटाएवढ्या बॉक्समधून येणारा खर्ज पुस्तकाच्या फळीवर मावेल एवढ्या बॉक्समधून यायला लागला. डग्ग्याचं घराणं जिंकलं, आणि जगभरातली दुकानं बॉक्सनी भरली. हलगीचं घराणं मात्र संपलं नाही. १९५७ मध्ये इंग्लंडच्या पीटर वॉकर यांनी क्वाड कंपनीचा स्थितविद्युत स्पीकर बाजारात आणला. तो एक सपाट पातळ पडदा होता, पुढे-मागे दोन्हीकडे सारखा वाजणारा, आणि गळ्याचा आवाज त्यातून जसा येई त्याची उदाहरणं अजून दिली जातात. पुढे झिगफ्रीड लिंकविट्झ यांनी हे घराणं पुन्हा उभं केलं. जर्मनीत जन्मलेला हा अभियंता ह्यूलेट-पॅकार्डमध्ये मोजमापाची यंत्रं बनवायचा. स्पीकरमधले उंच-खालचे आवाज वेगळे करणारं, त्यांच्या नावाने ओळखलं जाणारं परिपथ १९७६ चं. उघड्या पाठीच्या स्पीकरचं एकेक गणित त्यांनी उलगडून सामान्य माणसापुढे ठेवलं, घरी बनवता यावेत असे आराखडे दिले. २०१८ मध्ये ते गेले. या लेखातली बरीचशी आकडेमोड मुळात त्यांची शिकवण आहे.

पण मुरुडला बसून याची गरज काय, असं कुणी विचारेल. मुरुड म्हणजे आमचं, लातूर-बार्शी रस्त्यावरचं. समुद्राकाठची दोन्ही मुरुडं वेगळी. गरज आहे, आणि ती आमच्या खोल्यांमुळे आहे.

जुनं माळवदाचं घर ज्यांनी पाहिलंय त्यांना आठवेल, आत बोललेला शब्द घुमत नसे. मातीचं लिंपण, लाकडी तुळया आणि त्यांवरची पटई, वर मातीचा थर, कोपऱ्यात ज्वारीची पोती, उतरंड, वळकट्या. आवाज कुठेतरी अडकायचा, जिरायचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने दगड-मातीच्या जाड भिंतींवरचा विश्वास उडवला. माणसं त्यांच्याखाली गेली होती. त्या घरांचा हेवा करावा असं काही नाही. त्यानंतर आपल्या भागात जे बांधलं गेलं ते बहुतेक विटा, सिमेंट, वर स्लॅब, खाली फरशी. जीव वाचवणारं घर, पण कानांना कठोर. गिलावा केलेली भिंत तिच्यावर पडलेल्या आवाजाचा शेकडा दोन-तीन भाग जेमतेम शोषते, बाकी सगळा परत फेकते. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची रिकामी खोली धरली, तर सॅबिन यांच्या सूत्राने टाळीचा आवाज विझायला जवळजवळ तीन सेकंद लागतात. वॉलेस सॅबिन हे हार्वर्डचे प्राध्यापक. १८९० च्या दशकात रात्री-अपरात्री नाट्यगृहातल्या गाद्या उचलून आणून, आवाज किती वेळात विझतो हे त्यांनी मोजलं आणि त्यातून ते सूत्र बांधलं. आपण खोलीत गादी, पडदा, सतरंजी, माणसं आणतो तेव्हा तीन सेकंदांचा एक सेकंद होतो, कधी त्याहून कमी. पण खालच्या आवाजाला गादी-पडद्याचं काही सोयरसुतक नसतं. तो घुमतच राहतो.

कारण प्रत्येक खोलीला स्वतःचे सूर असतात. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या लाटेची अर्धी लांबी बरोबर बसते, तो त्या खोलीचा सूर. बारा फुटांच्या लांबीत तो सेकंदाला सुमारे ४७ कंपनांचा येतो, दहा फुटांच्या रुंदीत सुमारे ५६ चा. आणि स्लॅबही दहा फुटांवर असेल तर उंचीचा सूरही ५६ चाच! दोन सूर एकाच जागी येऊन बसले की तिथलं गाणं म्हणजे नुसता गुंईऽऽ असा ढणढणाट. बॉक्स कोपऱ्यात ठेवून ‘बेस जबरदस्त आहे’ असं जे म्हटलं जातं, तो बेस पुष्कळदा गाण्यातला नसतो, खोलीचा असतो. कुठलंही गाणं लावा, ठोका त्याच सुरात पडतो.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आवाजाचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो. डिसेंबरच्या पहाटे १२ अंश असेल तर तो सेकंदाला सुमारे ३३९ मीटर, मे महिन्याच्या दुपारी ४२ अंशांना सुमारे ३५७ मीटर. खोलीतली हवा खरोखरच एवढी थंड-गरम झाली तर खोलीचा सूर पाच टक्क्यांनी वर चढतो, म्हणजे जवळजवळ अर्ध्या सुराने, सा चा कोमल रे व्हायला आला एवढा. भिंती तिथेच, विटा त्याच. उन्हाळ्यात आपलं घर वरच्या पट्टीत जातं!

तर या घुमणाऱ्या खोलीत उघड्या पाठीचा स्पीकर काय करतो ते पाहा. बॉक्स खालचा आवाज चहूकडे सारखा फेकतो. पुढे, मागे, वर, दोन्ही बगलांना. उघडी फळी तसं करत नाही. तिच्या बरोबर कडेला, जिथून फळी फक्त एका रेघेसारखी दिसते तिथे, पुढचा आणि मागचा आवाज सारख्याच अंतरावरून येतात आणि एकमेकांना पुसतात. आवाजाचा आकार इंग्रजी आठासारखा होतो, एक फुगा पुढे, एक मागे, कमरेत काही नाही. समोर बसलेल्याला बॉक्सइतकाच आवाज मिळत असताना खोलीत ओतली जाणारी एकूण ध्वनिशक्ती एक तृतीयांश असते. म्हणजे भिंतींवर आपटून येणारा गोंधळ तेवढा कमी. याचाच दुसरा अर्थ असा, की बॉक्सपासून जितक्या अंतरावर शब्द स्वच्छ लागतो, त्याच्या पावणेदोनपट अंतरावर बसूनही इथे तो तितकाच स्वच्छ लागतो.

याहून सुंदर गोष्ट पुढे आहे. फळी खोलीच्या लांबीच्या दिशेने तोंड करून ठेवली तर तिची ‘काही नाही’वाली कड बाजूच्या भिंतींकडे आणि वर स्लॅबकडे येते. म्हणजे रुंदीचा आणि उंचीचा, ते दोन्ही ५६ वाले सूर, तिच्याकडून फारसे छेडलेच जात नाहीत. त्या ढणढणाटावर गादी चालली नाही, पडदा चालला नाही, पाठीची एक फळी न लावणं चाललं.

स्वतः अनुभवायचं असेल तर मोबाइलवर १०० कंपनांचा शुद्ध सूर लावून फळी अंगणात ठेवा आणि तिच्याभोवती गोल चाला. समोर भरपूर. वळत वळत कडेला या, आणि एका जागी आवाज असा खाली जातो की स्पीकर बंद पडला की काय असं वाटतं. दोन पावलं मागे जा, परत तेवढाच. खोलीत हे इतकं ठळक होत नाही, भिंती मध्ये बोलतात. अंगणात, रात्री, गाव झोपल्यावर करून पाहा.

आता बांधणी. सुतारमामांना पहिल्यांदा काम सांगितलं की ते एकच विचारतात, “मागनं फळी मारायची राहिली की!” नाही मामा, राहिलेली नाही. एवढं पटवलं की पुढचं सोपं आहे.

पाऊण इंची, म्हणजे १९ मिलिमीटरचं चांगलं प्लायवूड घ्यावं. आठ बाय चारच्या एका शीटमधून दोन फूट रुंद आणि चार फूट उंच अशा दोन फळ्या निघतात आणि निम्मं शीट टेकू आणि पंखांसाठी उरतं. पाडलेल्या वाड्याच्या सागवानी दाराची फळी कुणाकडे असेल तर तीही वापरता येते, मात्र तिच्या सांध्यांतून आवाज गळता कामा नये आणि ती थरथरता कामा नये. बोटाच्या पेराने फळी ठिकठिकाणी वाजवून पाहायची. जिथे ‘ठंण’ असा सूर लागतो तिथे मागून आडवी पट्टी ठोकायची. गाणं स्पीकरने म्हणायचं, फळीने नाही.

भोक फळीच्या मधोमध पाडू नये, ही सगळ्यात मोलाची सूचना. दोन फुटी फळीत स्पीकर मध्यावर बसवला तर मागचा आवाज दोन्ही कडांवरून सारखाच, सुमारे ३० सेंटिमीटरचा, वळसा घेऊन येतो. त्यामुळे सेकंदाला ५७० कंपनांच्या आसपास आवाज उगाच फुगतो आणि ११४० च्या आसपास खड्डा पडतो. गळ्याच्या ऐन पट्ट्यात. केंद्र एका कडेपासून १० इंचांवर आणि दुसरीपासून १४ इंचांवर घेतलं की वळसे वेगवेगळे होतात, फुगवटा आणि खड्डा दोन्ही पसरून सौम्य होतात. दुसऱ्या फळीवर हेच आरशातल्यासारखं उलटं. खिळा, दोरी आणि पेन्सिल घेऊन वर्तुळ आखावं, जिगसॉने कापावं, आणि भोकाची मागची कड कानशीने तिरपी छाटावी. विशेषतः स्पीकर आठ इंची किंवा त्याहून लहान असेल तर पाऊण इंच जाड भोकात त्याची पाठ गुदमरते. छाटलेल्या कडेमुळे तिला श्वास घेता येतो.

फळीची खालची कड जमिनीला टेकलेली असावी. खालून फट ठेवली की तिथून वळसा घालायला जवळची वाट मिळते. टेकली की फरशी आरशाचं काम करते आणि ध्वनीच्या दृष्टीने फळी दुप्पट उंच होते. फुकटात. दोन्ही बाजूंना मागे वळलेले आठ-दहा इंची पंख बिजागरीवर लावले तर वळसा आणखी लांबतो आणि फळी स्वतःच्या पायावर उभीही राहते. एक फुटापेक्षा खोल पंख मात्र नकोत, मागच्या पोकळीचा स्वतःचा सूर घुमायला लागतो आणि आपण पुन्हा खोक्याच्या दारात येतो.

स्पीकर कुठला? इथे दुकानातलं शहाणपण उलटं करावं लागतं. आपल्याकडे स्पीकर चुंबकाच्या वजनावर विकला जातो. जेवढा जड चुंबक तेवढा भारी. डीजेच्या बॉक्ससाठी ते खरं आहे. उघड्या फळीला असा स्पीकर दिला तर खर्ज आणखी सुकतो, कारण जबर चुंबक कोनाला करकचून ब्रेक लावतो आणि इथे तर मागे हवेची स्प्रिंगही नसते. कंपनीच्या कागदावर ‘क्यूटीएस’ नावाचा आकडा असतो; तो ०.७ च्या आसपास किंवा वर हवा. कागद नसेल तर एक युक्ती आहे. स्पीकरची दोन्ही टोकं मोकळी ठेवून कोनावर बोटाने हलकी टिचकी मारा. ‘धुम’ असा आवाज येईल. आता वायरच्या तुकड्याने दोन्ही टोकं एकमेकांना जोडा आणि पुन्हा टिचकी मारा. आवाज मेल्यासारखा होतो! कोन हलला की कॉइलमध्ये वीज तयार होते, ती वीज त्याच कॉइलला उलटी ओढते. ज्या स्पीकरमध्ये टोकं जोडल्यावरही थोडी ‘धुम’ शिल्लक राहते, तो आपल्या कामाचा. जुन्या रेडिओ-रेडिओग्राममधले कमी चुंबकाचे, हलक्या कागदाचे, मध्ये दुसरा छोटा कोन असलेले फुलरेंज स्पीकर म्हणूनच सोन्यासारखे आहेत. आकार आठ ते बारा इंच. लहान आकाराकडे खालचा सूर मागू नये.

वायरी जोडताना दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर स्पीकरच्या टोकांना लावून पाहा. कोन पुढे उडाला तर सेलच्या अधिक टोकाकडची खूण खरी. दोन्ही फळ्यांवर ती जुळली नाही तर दोन स्पीकर एकमेकांचा खर्ज खातात आणि गाणारा दोघांच्या मध्ये उभा न राहता खोलीभर विरघळतो.

आणि पाठीला पातळ सुती कापड जरूर लावा. आवाज त्यातून सहज जातो. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत गावात जो भुसा उडतो, तो कॉइलच्या केसाएवढ्या फटीत गेला की खरखर सुरू झालीच म्हणून समजा.

मांडणी हा अर्धा संसार आहे. बॉक्स भिंतीजवळ सरकवला की खर्ज वाढतो, हे सगळ्यांना माहीत असतं आणि सवयीने फळीही भिंतीला टेकवली जाते. फळीचं उलटं आहे. मागून निघालेला आवाज मुळातच उलटा. भिंत जवळ असली की तो लगेच परत येतो आणि पुढच्याला पुसतो. भिंतीपासून किमान तीन फूट, एक मीटर, अंतर हवंच. तेवढं असलं की मागचा आवाज भिंतीला लागून सुमारे सहा हजारांश सेकंद उशिरा पुढे येतो. तेवढा उशीर कानाला पुरतो. मूळ आवाज कोणता आणि भिंतीवरचा कोणता हे मेंदू आपोआप वेगळं करतो, आणि मग जी जादू होते तिच्यासाठी हा सगळा खटाटोप. गाणारा स्पीकरमध्ये नसतो, फळ्यांच्या मागे, भिंतीच्याही पलीकडे बसल्यासारखा वाटतो. तंबोरा वेगळा, गळा वेगळा, टाळकरी दोन हात मागे. दहा बाय बाराच्या खोलीत बैठक मांडल्याचा भास होतो.

बाराची बाजू लांबीला धरून, मागच्या भिंतीपासून साडेतीन फुटांवर फळ्या, दोघींच्या केंद्रांत सहा फूट अंतर, ऐकणारा साडेसहा-सात फुटांवर. फळ्यांची तोंडं ऐकणाऱ्याकडे थोडी वळवावीत, फार नाही. जास्त तिरक्या केल्या की रुंदीचा सूर पुन्हा जागा होतो. बाजूची भिंत जवळ असली तरी भिऊ नका, तिकडे तर आवाजाची कंबर आहे. मागच्या भिंतीवर जाड गोधड्या टांगायचा मोह होतो, तो टाळा. मागचा आवाज शत्रू नाही, तो पाहुणा आहे. उशिरा आणि विखरून यावा एवढंच. पुस्तकांची फळी, उघडं शोकेस, वेताची खुर्ची, जे आवाजाला तोडून विखुरतं ते तिथे उत्तम. लोखंडी कपाट आणि स्टीलच्या भांड्यांची मांडणी मात्र त्या खोलीतून हलवा. खालच्या सुरावर एखादं फुलपात्र थरथरतं आणि माणूस दोन दिवस स्पीकर उघडत बसतो.

आता उणी बाजू, ती लपवण्यात अर्थ नाही. दोन फुटी फळीवर १९० कंपनांच्या खाली आवाज उतरायला लागतो. प्रत्येक सप्तक खाली गेलं की निम्म्या दाबावर. अॅम्प्लिफायरचा बेस वाढवून तो भरून काढता येतो, पण किंमत पाहा. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर बंद खोक्यातल्या कोनाला चौपट हलावं लागतं, उघड्या फळीवरच्या कोनाला आठपट. ८० वर एक मिलिमीटर हलणारा कोन ४० वर आठ मिलिमीटर मागतो, आणि बहुतेक साध्या स्पीकरांना ते झेपत नाही. शिवाय खोलीच्या सगळ्यात खालच्या सुराखाली, म्हणजे इथे ४७ च्या खाली, बॉक्स निदान खोलीतली हवा दाबू शकतो. फळी तेही करू शकत नाही. ती एका बाजूची हवा दुसऱ्या बाजूला नेते, बस्स. छातीत धडधड हवी असेल, वरात नाचवायची असेल, सिनेमातला स्फोट अंगावर घ्यायचा असेल, तर हे काम फळीचं नाही. मधला मार्ग म्हणून ७०-८० च्या खालचं काम एका बंद खोक्याच्या सबवूफरकडे सोपवता येतं, आणि ते वाईट लागत नाही.

गळा, तंबोरा, सारंगी, बासरी, संवादिनी, अभंग, गझल, नाट्यपद, आकाशवाणीवरची जुनी भाषणं, हे ज्यांचं ऐकणं आहे त्यांच्यासाठी मात्र स्लॅबच्या खोलीत याहून चांगलं आणि याहून स्वस्त काही मला माहीत नाही. माणसाच्या आवाजाला खोकं मानवत नाही. बॉक्सच्या भिंतीही थोड्या गातात, आत कोंडलेला आवाज पातळ कागदी कोनातून उशिराने बाहेर झिरपतो, आणि आपल्याला तो दोष बॉक्सचा आहे हे फळी ऐकेपर्यंत कळतच नाही.

तेव्हा प्लायवूडच्या दुकानात जाण्याआधी दोन गोष्टी करा. पुठ्ठ्याचा प्रयोग घरच्यांसमोर करा. खर्च शून्य, वेळ अर्धा तास. आणि टेप घेऊन खोली मोजा. भिंतीपासून तीन फूट जागा कायमची सोडता येणार असेल तरच सुताराला बोलवा. ती जागा पुढे कपाटाला, दिवाणाला किंवा मोटरसायकलला लागणार असेल, तर बॉक्सच घ्या. भिंतीला टेकवलेल्या फळीपेक्षा तो चांगला वाजेल.